बिऱ्हाडासकट समुद्र

प्रतापराव बिरादारांनी बायकोला आजवर सगळे सागर दाखवले होते, फक्त समुद्र तेवढा राहिला होता. पाटबंधारे खात्यातली नोकरी, त्यामुळे सागरांना तोटा नव्हता. हुसेनसागर झाला, हिमायतसागर झाला, उस्मानसागर झाला, निजामसागरच्या बांधावर तर दशम्या-चटणी खाऊन झाली. प्रत्येक बांधावर उभं राहून प्रतापराव हात लांब करून सांगत, "समुद्र म्हणजे असाच असतो बघ. जरा मोठा, आणि खारट." तारामतीबाई पदर सावरत पाण्याकडे बघत आणि मान हलवत. खरा समुद्र दाखवतो, असं त्यांनी लग्न झाल्या झाल्या कबूल केलं होतं. मग मुलगा झाला, त्याचं शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न झालं, प्रतापराव रिटायर झाले, तारामतीबाईंचे गुडघे बोलू लागले. समुद्र मात्र जिथल्या तिथे होता.

यात प्रतापरावांचा दोष नव्हता, असं प्रतापरावांचं मत होतं. दोष घराचा होता. विद्यानगरातलं ते पहिल्या मजल्यावरचं घर तारामतीबाईंना सोडतच नसे. तिकिटं काढली की नळाचं पाणी यायचा दिवस नेमका मधे येई. दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं तर तो कायमचा नको समजेल ही भीती. तुळशीला पाणी कोण घालणार, देवाला दिवा कोण लावणार, आणि मागच्या खिडकीतून मांजर आलं तर? एकदा तर मंडळी सिकंदराबाद स्टेशनवर पोचली होती. गाडी फलाटाला लागली, प्रतापरावांनी बॅग उचलली, आणि तारामतीबाई म्हणाल्या, "अहो, गिझर बंद केला का मी?" रिक्षा करून परत आले. गिझर बंद होता. गाडी गेली होती. तारामतीबाईंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "आपल्या घरच्या चहाची सर नाही बाई कशाला."

तेव्हापासून प्रतापरावांनी समुद्राचा विषय काढणं बंद केलं होतं. पण मनातून तो गेला नव्हता. आता पुढच्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरत होतं, आणि डॉक्टरांनी "त्यानंतर वाळूबिळूत चालायचं नाही" असं सहज म्हटलं होतं. ते ऐकल्यापासून प्रतापरावांना झोप नीट लागत नव्हती. माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतापर्यंत पाणी पोचवलं, आणि स्वतःच्या बायकोला पाण्यापर्यंत पोचवता येऊ नये, याचं त्यांना वाईट वाटे.

अशात युवराजने त्यांना मोबाईलवर एक गाडी दाखवली. युवराज म्हणजे त्यांचा मुलगा. गच्चीबावलीच्या कंपनीत कामाला. गाडीच्या पोटात पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सगळं होतं. "अप्पा, याला मोटरहोम म्हणतात. रेंटवर मिळते. ड्रायव्हरसकट."

प्रतापराव खुर्चीतून उठले ते थेट स्वयंपाकघरात गेले. "तारा, तुला घर सोडवत नाही ना? मग घर सोडायचंच नाही. घर घेऊन जाऊ."

तारामतीबाईंनी फोडणी दिली, झाकण ठेवलं, आणि विचारलं, "देव कुठं बसवायचे?"

हा होकार होता. प्रतापरावांना संसाराचा तेवढा अनुभव होता.

तारीख ठरवताना पहिला खटका उडाला. युवराजला ज्या शनिवारी-रविवारी सुट्टी होती, त्या रविवारी अमावस्या होती. "अवसेला बिऱ्हाड हलवायचं? मी नाही येत," असं म्हणून तारामतीबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं ते पौर्णिमेवर. युवराजने साहेबाच्या हातापाया पडून रजा घेतली. हैदराबादहून विशाखापट्टणम, वाटेत एक मुक्काम, आणि मग एक अख्खी दुपार समुद्राच्या काठाकाठाने पुढच्या भीमिली गावापर्यंत. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि मधून आपण. युवराजची बायको शिल्पा हिने त्या रस्त्याचे फोटो दाखवले तेव्हा तारामतीबाई "छान आहे गं" म्हणाल्या आणि गव्हाचं पीठ किती लागेल याचा हिशोब करायला उठल्या.

गाडी आदल्या दिवशी गल्लीत आली आणि गल्ली भरून गेली. चालवणारे खाजाभाई मेहंदी लावलेल्या दाढीचे, शांत गृहस्थ होते. ते खाली उतरेपर्यंत अपार्टमेंटचे सेक्रेटरी सुधीर हजर झाले. सुधीर मूळचे पुण्याचे. संगणकातली नोकरी घरूनच करत, त्यामुळे गल्लीवर त्यांचं बारीक लक्ष असे.

"बिरादारसाहेब, ही गाडी रात्रभर आवारात ठेवता येणार नाही."

"का बरं? पाहुण्यांच्या गाड्या राहतात की."

"पाहुण्यांच्या गाडीत स्वयंपाकघर नसतं. आपल्या नियमाप्रमाणे जिथे चूल आहे, पलंग आहे आणि संडास आहे, ते बिऱ्हाड. नवीन बिऱ्हाड आलं की भाडेकरूचा अर्ज, फोटो, पोलिसांची नोंद. मी नियम केलेले नाहीत." नियम त्यांनीच केले होते.

"अहो, पण भाडेकरू कोण? मीच?"

"तेच तर तुम्हाला अर्जात लिहावं लागेल."

शेवटी स्वतःच्याच दारात उभ्या असलेल्या गाडीत स्वतःच एक रात्र राहणार नसल्याचं प्रतापरावांनी सही करून दिलं. ज्या हातांनी धरणाचे दरवाजे उघडायचे हुकूम दिले त्या हातांनी. पण सुधीर मनाने वाईट नव्हते. जाता जाता त्यांनी खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला, "एक मात्र करा. सूर्यास्त चुकवू नका. आम्ही दर वर्षी गुहागरला जातो ना, संध्याकाळी सूर्य जेव्हा पाण्यात बुडतो... वहिनींना ते दाखवाच. तेवढ्यासाठी जायचं."

प्रतापरावांनी हे मनात पक्कं धरून ठेवलं. समुद्र म्हटला की लाल गोळा पाण्यात बुडणार, हे त्यांनी लहानपणापासून प्रत्येक कॅलेंडरवर पाहिलं होतं. तारामतीबाईंना त्यांनी लगेच वर्णन करून सांगितलं, जणू सूर्याला तशी खात्यातून नोटीसच गेली होती.

सामान चढवायला सुरुवात झाली आणि खाजाभाईंची शांती ढळू लागली. आधी देव चढले. मग तुळस, घरची कुंडी मोठी म्हणून गौलीगुड्याहून मुद्दाम छोटी आणली होती, आणि एक फांदी तिच्यात लावली होती. मग पोळपाट, लाटणं, तवा, खलबत्ता, पापड, लोणच्याची बरणी. खाजाभाई म्हणाले, "अम्मा, इसमें सब हैसो है. गॅस है, बर्तन है, लेट्रिन बी फस्ट क्लास है."

"लॅट्रिन कुठाय?"

खाजाभाईंनी कौतुकाने दार उघडून दाखवलं. तारामतीबाईंनी आत पाहिलं, मग भिंतीच्या अलीकडे मांडलेल्या देवांकडे पाहिलं. "देवाच्या भिंतीला लागून? नक्को बाई. हे बंदच ठेवा." त्यांनी दार लावून घेतलं आणि बाहेरून कडीला सुतळी बांधली. अशा रीतीने ज्या सोयीसाठी गाडी इतकी महाग होती, ती सोय गाडी निघायच्या आधीच रद्द झाली, आणि पुढचा सगळा प्रवास मंडळी पेट्रोलपंप शोधत गेली.

तळमजल्यावरच्या सत्यवतीअम्मा सकाळी निरोप द्यायला आल्या. त्यांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची एक बाटली दिली, आणि तारामतीबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "तारम्मा, समुद्र देवुडु है. पहले चप्पल निकालना, नमस्कार करना, बाद में पाव रखना. नै तो खींच लेता." तारामतीबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावलं. नारळ फुटला, प्रत्येकाने दाराशी चपला काढल्या, उजवा पाय आत टाकला, दार लागलं, लिंबं चिरडली आणि घर चालू लागलं.

गाडीत बसून प्रतापरावांना फार प्रसन्न वाटलं. शहर मागे पडलं. तारामतीबाई ओट्याशी उभ्या राहून चहा करत होत्या, देवापुढे उदबत्ती लागली होती, आणि बाहेरून झाडं पळत होती. प्रतापरावांनी चहाचा घोट घेतला आणि ते सुनेला म्हणाले, "कल्पना असावी लागते, शिल्पा. साधी गोष्ट होती, पण कुणाला सुचली नाही."

सूर्यापेटच्या अलीकडे पेट्रोलपंप आला. खाजाभाईंनी गाडी थांबवली. प्रतापरावांनी दार उघडलं, पाय खाली सोडला, आणि सवयीने अंगठ्याने चप्पल चाचपली. चप्पल लागली नाही. त्यांनी खाली वाकून पाहिलं. खाली नुसतं डांबर होतं.

त्याच वेळी युवराजचा फोन वाजला. पलीकडून सत्यवतीअम्मा विचारत होत्या, "युवराज, तुम सब लोगां चप्पल रोड पे छोड के कायकू गये?"

सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. विद्यानगरच्या रस्त्यावर बिरादार कुटुंबाच्या चपला ओळीने, नीट जोडीने मांडून ठेवलेल्या होत्या, आणि कुटुंब विजयवाड्याच्या वाटेला लागलं होतं. प्रतापरावांच्या तर नव्या कोऱ्या होत्या.

"घरात जाताना चपला दाराशीच काढतात," तारामतीबाई म्हणाल्या. "त्यात माझं काय चुकलं?"

"पण आई, घर पुढे जातं ना आता," शिल्पा हसू दाबत म्हणाली.

"मग चपलांनी यायला पाहिजे होतं," युवराज म्हणाला आणि प्रतापरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघू लागला. प्रतापराव अनवाणीच पंपापर्यंत गेले. पंपावरच्या पोरींनी वाट करून दिली. कुणीतरी नवस फेडायला निघालं असावं असं त्यांना वाटलं. खाजाभाईंच्या पायात मात्र चपला होत्या, कारण त्यांचं दार वेगळं होतं आणि त्यांच्या खोलीत देव नव्हते. गावात शिरून सगळ्यांसाठी रबरी चपला घेतल्या. प्रतापरावांच्या मापाच्या फक्त गुलाबी मिळाल्या.

मग आलं राज्याच्या हद्दीवरचं चेकपोस्ट. तिथला तरुण अधिकारी गाडीभोवती एक चक्कर मारून आला, आणि दार वाजवलं. तारामतीबाई पोळ्या लाटत होत्या. त्याने आत डोकावून पाहिलं: पाट, पोळपाट, देव, तुळस, वाळत घातलेला टॉवेल. त्याचा चेहरा गंभीर झाला. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "आप लोग शिफ्टिंग कर रहे. घर का सामान. इस गाडी का परमिट टूरिस्ट का है, सामान का नहीं."

प्रतापराव गुलाबी चपला घालून खाली उतरले, त्यांच्यामागून युवराज आणि शिल्पा. "सामान नाही हो हे. आमचं घर आहे."

"घर है तो ले जाने का परमिट?"

"घर म्हणजे गाडी आहे!"

"गाडी है तो तुलसी क्यों?"

असा प्रश्न खात्यातल्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारातही कुणी विचारला नव्हता. प्रतापरावांनी आपण कोण होतो ते सांगितलं. अधिकाऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग चपलांकडे पाहिलं. प्रतापरावांना ते पाहणं फार लागलं. तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, त्याला उन्हात का उभं करालाव? पोरगं जेवलंय का विचारा की. बाबा, अंदर आओ. चप्पल उधर निकालो."

अधिकाऱ्याने बूट काढले. सरकारी बूट घरगाडीच्या पायरीशी, बिरादारांच्या रबरी चपलांच्या ओळीत नीट बसले. गरम पोळी, ठेचा, वरून तूप. पहिल्या घासाला तो थांबला, आणि आपली आई अशाच रोट्या करते म्हणाला, फक्त ज्वारीच्या. तारामतीबाई म्हणाल्या, ज्वारीचं पीठ पण आहे, करू का? तोवर त्याचा सोबती डोकावला, त्यालाही वर घेतलं. शेवटी दोघांनी एकमताने निर्णय दिला की घर आत असलं तरी चाकं खाली आहेत, म्हणून ही गाडीच. रांगेतल्या मागच्या ट्रकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, अधिकारी घाईने बूट घालून उतरले, खाजाभाईंनी घाईने गाडी काढली.

आणि पुढच्या थांब्याला पुन्हा डांबर.

"मला वाटलं तुम्ही उचलल्या," शिल्पा युवराजला म्हणाली. "मला वाटलं अप्पांनी," युवराज म्हणाला. प्रतापरावांना मनातून त्या गुलाबी चपला गेल्याचा आनंदच झाला होता. पण घराच्या इभ्रतीला आता शिस्तीची गरज होती. राजमहेंद्रीला मुक्कामाच्या गावी तिसरे जोड घेतले, आणि त्यांनी हुकूम काढला: यापुढे उतरताना चपला बाहेर, चढताना चपला हातात, आणि ठेवायच्या त्या सुतळीच्या दारामागे. संडासाला अखेर काम मिळालं. विशाखापट्टणम येईपर्यंत एकही चप्पल हरवली नाही, आणि त्यांना पुन्हा खात्यात असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहर ओलांडून गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, आणि एका वळणावर एकदम समुद्र आला.

प्रतापराव उभे राहिले. उभं राहायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. उजवीकडच्या सगळ्या खिडक्या निळ्या झाल्या होत्या. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या, लांब एक जहाज ठिपक्याएवढं दिसत होतं, आणि त्याच्यापुढे पाणीच पाणी, बांध नसलेलं. आपण बायकोला आयुष्यभर काय सांगत आलो ते आठवून त्यांना लाज वाटली. "तारा!" ते ओरडले. "बघ! समुद्र!"

"हो हो, बघते," तारामतीबाई म्हणाल्या. "दूध उतू जाईल."

गाडी बनवणाऱ्याने ओटा डाव्या अंगाला केला होता आणि ओट्यावर खिडकी दिली होती. त्या खिडकीतून डोंगर दिसत होता. तारामतीबाई दुधाकडे बघत होत्या, आणि दुधावरून नजर निघाली तर डोंगराकडे. समुद्र त्यांच्या पाठीमागून चालला होता.

"अगं, मागं वळ!"

"वळते की. साय धरू द्या."

साय धरेपर्यंत सरूचं बन आडवं आलं. बन संपलं तर मूग भिजत घालायचे राहिले होते. मग भांडी. "एवढं आटपलं की निवांत बघते," त्या म्हणत होत्या, आणि प्रतापरावांना कळून चुकलं की हेच वाक्य आपण विद्यानगरला इतकी वर्षं ऐकत आलो. तेव्हा निदान समुद्र दूर तरी होता.

त्यांनी खाजाभाईंच्या मागची काच सरकवली. "खाजाभाई, गाडी उलटी फिरवा."

"कायकू साब? भीमिली आगे है."

"समुद्र डावीकडे पाहिजे."

खाजाभाईंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. पर्यटकांचे हट्ट त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण समुद्राची बाजू बदलून मागणारा पहिलाच. "हौ साब," ते म्हणाले आणि गाडी वळवली. आता ओट्याच्या खिडकीत समुद्र आला. प्रतापरावांनी विजयी मुद्रेने मागे पाहिलं. ओट्याशी कुणी नव्हतं. काम आटपलं म्हणून तारामतीबाई पलंगावर जरा आडव्या झाल्या होत्या, आणि त्यांना झोप लागली होती. दोन दिवस चालत्या घरात स्वयंपाक करून दमल्या होत्या त्या. प्रतापरावांना त्यांना उठवायचा धीर झाला नाही. त्यांनी पायावर शाल टाकली आणि पुन्हा काच सरकवली. "फिरवा, खाजाभाई. भीमिली."

"साब, एक बात बोलूं? आप समुंदर को इच बोलो ना इधर-उधर होने को."

उन्हं कलू लागली तेव्हा गाडी भीमिलीच्या अलीकडे किनाऱ्याला लागून, वाळूच्या कडेला थांबली. आता प्रतापरावांची भिस्त फक्त सूर्यास्तावर होती. पण गाडी थांबते न थांबते तोच शेजारी एक बस येऊन उभी राहिली. देवदर्शनाला निघालेल्या तेलुगू बायकांची बस. चाकांवरचं घर पाहून त्यांना राहवेना, आणि दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवणं तारामतीबाईंना राहवेना. एक आली, तिला हळदीकुंकू. तिने बाकीच्यांना हाक मारली. घरगाडीच्या दारापुढे रांग लागली. तारामतीबाई प्रत्येकीला ओटा, फ्रिज, देव, तुळस दाखवत होत्या, चहाचं आधण पुन्हापुन्हा वाढवत होत्या. भाषा कळत नव्हती, अडत मात्र काहीच नव्हतं. शिल्पा कपबशा विसळत होती. समुद्र बघायला आलेल्या बायका समुद्राकडे पाठ करून तारामतीबाईंचं घर बघून गेल्या. त्यांची बस निघून गेली. खाजाभाई गाडीची किल्ली खिशात घालून नमाजाला गावात गेले.

प्रतापराव वाळूच्या कडेला मफलर न घेताच, हात मागे बांधून उभे होते. समुद्राकडे तोंड करून ते सूर्याची वाट बघत होते. पाणी हळूहळू करडं झालं. सूर्याचा पत्ता नव्हता.

मागून, ओट्याच्या खिडकीतून, तारामतीबाईंचा आवाज आला. "अहो! तुमचा सूर्य इकडं आलाय!"

त्यांनी वळून पाहिलं. लाल गोळा आरामात डोंगरामागे उतरत होता. रस्त्यापलीकडे, टेकडीवर, ताडांच्या मागे.

ही गोष्ट बंगालच्या उपसागराची आहे, आणि तो पूर्वेला आहे, हे जामबागच्या मराठी शाळेत भूगोलात पहिल्या आलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. युवराज तोंडावर हात धरून गाडीच्या मागे गेला. प्रतापराव सरळ चालत वाळूत उतरले, पाण्यापासून थोडं अलीकडे बसले, आणि त्यांना फार एकटं वाटलं. समुद्र दाखवायला आलो, तर तिला दिसला डोंगर. सूर्यास्त दाखवायचा, तर तोही तिला स्वयंपाकघरातूनच दिसला. आपल्या हातून एवढंही होऊ नये! उद्या सकाळी परतीचा रस्ता होता, आणि पुढे ऑपरेशन.

तारामतीबाईंनी समुद्राकडच्या खिडकीतून पाहिलं की नवरा वाऱ्यात, डोक्याला काही न गुंडाळता, पाठमोरा बसला आहे. त्या पाठीवरून त्यांना सगळं समजलं. त्यांनी गॅस बंद केला, खुंटीवरचा मफलर घेतला आणि उतरल्या. त्यांच्यामागून शिल्पा उतरली. तेवढ्यात समुद्रावरून एक झोत आला आणि दार धाडकन लागलं. युवराजने ओढून पाहिलं. दार आतून अडकलं होतं.

"आई, लॉक झालं. आता खाजाभाई येईपर्यंत नो एंट्री."

तारामतीबाई थबकल्या. आत दिवा, आत देव, आत भिजत घातलेले मूग. त्यांनी दाराकडे पाहिलं, हातातल्या मफलरकडे पाहिलं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नसावं. त्या गुडघे सांभाळत वाळूतून नवऱ्यापर्यंत गेल्या. त्यांनी त्यांच्या डोक्याला मफलर गुंडाळला. आणि मग, दुसरं काहीच काम नसल्यामुळे, मान वर करून समोर पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

मग त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समुद्र बघत राहिल्या. नंतर सत्यवतीअम्मांचा शब्द आठवून त्यांनी चपला काढल्या, सगळ्यांना काढायला लावल्या, आणि देवळाबाहेर ठेवतात तशा पाण्याकडे तोंड करून ओळीने मांडल्या. हात जोडले. पदर खोचून प्रतापरावांसकट पाण्यात घोट्यापर्यंत गेल्या. लाट आली तशा प्रतापरावांचा हात धरून एवढ्या मोठ्याने हसल्या की प्रतापराव दचकले. हे हसणं त्यांनी पूर्वी कधीतरी ऐकलं होतं. पौर्णिमेचं भरतं होतं. पुढची लाट त्यांच्या मागे गेली, चपलांची ओळ अलगद उचलून घेऊन परतली, आणि या वेळी कुणी मागेसुद्धा धावलं नाही.

"चपलांनी यायला पाहिजे होतं ना? बघा, निघाल्या," तारामतीबाई म्हणाल्या.

त्या ओल्या वाळूवर बसल्या. प्रतापराव शेजारी बसले. अंधार होता होता समोर क्षितिजावर तांबूस उजेड दिसला, आणि पाहता पाहता भला मोठा चंद्र पाण्यातून वर आला. पाण्यावर त्याची वाट थेट त्यांच्या पायांपर्यंत आली.

"तुम्ही म्हणाला होता समुद्रात बुडतंय म्हणून," तारामतीबाई हळूच म्हणाल्या. "हितं तर उगवायलंय." जरा वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि हुसेनसागरासारखा कुठाय हा? काहीही सांगत होता मला."

"चुकलं माझं," प्रतापराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

खाजाभाई आले. दाराची दुसरी किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी दार उघडलं, आतला उजेड वाळूवर पडला, आणि त्यांनी हाक मारली, "अम्मा! घर खुल गया!"

प्रतापरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. म्हणून तेच उठले. चहा आपणच करावा असं त्यांना वाटलं. ते पायरी चढले आणि आत शिरले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपले पाय घोट्यापर्यंत ओल्या वाळूने भरलेले आहेत. देवापासून ओट्यापर्यंत स्वच्छ पुसलेल्या फरशीवर त्यांच्या पावलांची वाळूची रांग उमटली होती. ते जिथल्या तिथे उभे राहिले आणि ओरडा ऐकायला तयार झाले. दार उघडं होतं. तिथून त्यांना तारामतीबाई दिसत होत्या. ओरडा आला नाही.

त्यांनी गॅस लावला, पाणी ठेवलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच डबे उघडून पाहायला सुरुवात केली. हळद, मोहरी, ज्वारीचं पीठ, आणखी एक हळद.

"तारा!" त्यांनी दारातून विचारलं. "साखर कुठाय?"

तारामतीबाईंनी समुद्रावरची नजर काढली नाही.

"शोधा," त्या म्हणाल्या.